नीन्केचं मागचं चाक

दुपारभराचं काम म्हणे! नाही, मला एवढंच सांगा, कुणाची दुपार? कारण माझ्या वयाला दुपार अशी असते की कोट काढून खुंटीला अडकवेस्तोवर संध्याकाळ झालेली असते! आणि हा द्रोन्तन गावचा सायकलवाला, ज्याच्याकडून आमच्या बाईसाहेबांनी ती झोपायची सायकल आणली, तो फोनवर मला किती गोड आवाजात सांगतोय, "अहो हेस्सल, त्यात काय एवढं? मागचं चाक काढायचं, पोटात गिअर असलेला हब बसवायचा, चेन चढवायची... दुपारभराचं काम!" तुम्हाला सांगतो, माझी ती दुपार एकोणीस दिवस चालली. एकोणीस!

आता मी काही अगदीच ढ माणूस नाही. एकतीस वर्षं पूल उघडायची नोकरी केली आहे मी. बोट आली की फाटक पाडायचं, पूल उचलायचा, बोट गेली की पूल खाली, फाटक वर. दातेरी चाकं, साखळ्या, ग्रीस... हात कोपरापर्यंत काळे असायचे माझे. पण तो पूल होता हो! पूल उभा असतो, तुम्ही त्याच्याभोवती फिरता. ही सायकल जमिनीपासून वीतभर वर, आणि तिचं काम करायचं तर माणसालाच जमिनीवर लोळावं लागतं. सत्तरी ओलांडलेला माणूस खाली बसायला बसतो कसाबसा, पण उठायचं काय?

तर नीन्के. नीन्के म्हणजे माझी बायको. स्नेक शहराच्या अलीकडचं आमचं गाव, तिथे पोरं चालायच्या आधी सायकल शिकतात, आणि नीन्के तर मला वाटतं सायकलवरच जन्मली. दोन पोरं, बटाट्याचं पोतं, एकदा तर माझ्या आईचं भिंतीवरचं घड्याळ, काय काय वाहिलंय तिनं त्या काळ्या सायकलवरून! आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या कानात काहीतरी बिघडलं. ऐकायला व्यवस्थित येतं, मी हळूच काही पुटपुटलो तरी येतं, पण तोल जातो. पहिल्यांदा कालव्यात पडली तेव्हा म्हणाली, वारा होता. दुसऱ्यांदा पडली ती बदकांच्या अंगावर. बदकं ओरडतायत, ही ओरडतेय, आणि मी काठावर उभा राहून विचार करतोय की आधी कुणाला शांत करायचं! डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, "दोन चाकं बंद."

लगेच आमची मुलगी मारीत कागद घेऊन हजर. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. बॅटरीवर चालणारी खुर्ची! पुढे टोपली, मागे आरसा, चित्रातली आजी अशी हसतेय जणू तिला कुणी सिंहासनावर बसवलंय. नीन्केनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाली, "ही खुर्ची आहे."

"अगं आई, चालणारी खुर्ची आहे."

"खुर्चीवर मी घरी बसते. मला जायचं असतं तेव्हा मी पाय हलवते."

झालं. पुढच्या आठवड्यात ही एकटी आगगाडीनं द्रोन्तनला गेली आणि ती वस्तू घेऊन आली. पुढे दोन चाकं, मागे एक, मध्ये ताणून बसवलेलं जाळीचं आसन, आणि पॅडल कुठे? पुढे! पार नाकासमोर! माणूस उताणा, पाय आभाळात, आणि मागे काठीला केशरी झेंडा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला कळावं की गवतात कुणीतरी आहे. पहिल्यांदा ती रस्त्यावरून येताना मला दिसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी बागेतली आरामखुर्ची पळवून नेतंय.

पण चेहरा बघायचा होता तिचा! तीन वर्षांत पाहिला नव्हता तो चेहरा मी.

बरं, मग बिघडलं कुठे? पुलावर! आमचा मुलूख सपाट, सगळा पोळपाटासारखा, पण दर दोन मैलांवर पूल, आणि पूल म्हटला की चढ. त्या सायकलला मागे दातेरी चक्रांची चळत होती, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर उडी मारते ती. आता त्याची गोम अशी, की गिअर बदलायचा तर पाय फिरत पाहिजेत. उभ्या जागी बदलता येत नाही. ही पुलावर आली जोरात, जड गिअरमध्ये, फाटक पडलं, थांबली. फाटक उघडलं. आता पॅडल हलेल तर शपथ! समोर चढ, मागे वीस सायकलींच्या घंट्या, आणि ही उताणी पडून पाय रेटतेय. तेवढ्यात मागच्या दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर उतरला, त्याच्या हातात चीज लावलेला पाव, आणि त्यानं तो पाव न सोडता, दुसऱ्या हातानं हिला ढकलत पुलाच्या माथ्यावर नेऊन सोडलं!

घरी आली ती बिटासारखी लाल. "एका हातानं, हेस्सल! एका हातानं! दुसऱ्या हातानं खात होता!"

"चांगला माणूस म्हणायचा..." माझ्या तोंडून निसटलं. तो दिवस मी कोबी न खाता काढला, म्हणजे मला कुणी वाढलाच नाही.

आणि गाव केवढं आमचं? मारीतला संध्याकाळच्या आत कळलं. फोन आला. "आई, आता पुरे. लोक तुला ढकलायला लागले!" नीन्के रिसीव्हर कानाला लावून खिडकीबाहेर बघत उभी. मग म्हणाली, "तीन आठवड्यांनी आफ्के ऐंशीची होतेय. मी हिंदेलोपनला जाईन, माझ्या पायांनी. मध्ये कुणी ढकललं, कुणी ओढलं, कुणी गाडीत घातलं, तर आण तुझी खुर्ची. मी बसेन आणि हसेनसुद्धा, त्या चित्रातल्या बाईसारखी." आफ्के म्हणजे तिची थोरली बहीण. हिंदेलोपन आमच्यापासून अठ्ठावीस किलोमीटर, समुद्राच्या काठाला. आणि वारा नेहमी कुठून येतो? समुद्राकडून!

मग मी त्या द्रोन्तनवाल्याला फोन केला आणि त्यानं ते वाक्य टाकलं. पोटात गिअर असलेला हब, म्हणजे चाकाच्या मधला डबा, तो घाल. सगळी चक्रं हबच्या आत बंद, मूठ फिरवली की उभ्या जागी गिअर बदलतो, पाय हलवायची गरज नाही. दुपारभराचं काम!

पहिल्या दुपारी मी दौवेकडे गेलो. दौवेचं सायकलचं दुकान, बाप सायकलवाला, आजा सायकलवाला, आणि तिघांचाही स्वभाव घट्ट बसलेल्या नटासारखा. त्यानं सायकल बघितली, गुडघ्यावर बसला, पट्टी लावली, उठला, हात पुसले. हात पुसायला पाच मिनिटं. मग म्हणाला, "नाही."

"नाही म्हणजे?"

"सांगाडा चेनच्या गिअरसाठी केलेला आहे. हबचा कणा बसेल, पण तीन मिलिमीटर फट राहील."

"तीन मिलिमीटर! दौवे, नखाएवढी जागा!"

"तीन मिलिमीटर म्हणजे तीन मिलिमीटर. माझ्या दुकानातून असं काम बाहेर जाणार नाही." आणि मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "हेस्सल, जा आणि तिला सांग, दौवे म्हणतो होत नाही. तुला कोण दोष देणार आहे?"

आता तुमच्यापासून काय लपवू? मला बरं वाटलं. हो! मला ती खुर्चीच हवी होती हो! ती बाहेर गेली की मी दर पाच मिनिटांनी खिडकीशी. दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, मधून हे एवढे ट्रॅक्टर, आणि त्यात माझी बायको कुठे आहे हे कशावरून ओळखायचं, तर एका केशरी चिंधीवरून! खुर्ची कशी हळू चालते, जवळच फिरते, जेवायच्या वेळेला परत येते. मी रस्ताभर वाक्य घोकत आलो. "दौवे म्हणतो होत नाही. दौवे म्हणतो होत नाही." अगदी दुःखी चेहरासुद्धा बसवला.

दार उघडलं. स्वयंपाकघराच्या फरशीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर तिची जुनी काळी सायकल उलटी उभी, चाकं वर, आणि नीन्के स्टुलावर बसून पान्यानं मागच्या चाकाचा नट सोडवतेय. ती सायकल! तीन वर्षं तिला कुणाला हात लावू दिला नव्हता. मारीत म्हणाली विकून टाकू, तर दोन दिवस अबोला. दर शनिवारी पुसायची, हवा भरायची, आणि परत गोधडीखाली झाकून ठेवायची.

"हिच्यात आहे की तसला हब," ती म्हणाली, वर न बघता. "आठ गिअर. पोटात. यातलाच काढ."

"अगं पण मग ही..."

"ही काय? ही आता चालायची नाही. म्हणजे मी हिच्यावर." नट सुटला. तिनं तो बशीत ठेवला. "चालणारी वस्तू आहे, तिला चालू दे. दौवे काय म्हणाला?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं हो. ओठापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "दौवे म्हणाला... वॉशर घालावे लागतील."

आणि तिथून पुढे, तुम्हाला सांगतो, माझे हाल कुत्रा खाईना! हब काढायचा म्हणजे छत्तीस स्पोक सोडवायचे. जुन्या चाकाची रिम मोठी, या सायकलची लहान, म्हणजे हब तो जुना, रिम ती नवी, आणि स्पोक वेगळ्याच मापाचे. नशीब एवढंच की दोघांनाही भोकं छत्तीस! दौवेनं स्पोक कापून दिले, देताना फक्त नाकातून श्वास सोडला. मग मी चाक बांधायला बसलो. एक स्पोक वरून, एक खालून, तीन ओलांडायचे, चौथ्यात... नीन्के पुस्तकातून वाचून दाखवतेय आणि मी विणतोय. आयुष्यात कधी मोजा विणला नाही मी! तीन दिवस गेले. चाक तयार. गोल! आउट काढला, म्हणजे चाकाची डुगडुग घालवली, फिरवलं, केसभर हलत नाही. मला इतका आनंद झाला की मी शिट्टी वाजवली. मग टायर चढवला आणि हवा भरायला पंप उचलला... पंप लागेना! का? तर रिमला व्हॉल्व्हचं भोक जिथे होतं, बरोबर त्याच्या डोक्यावर स्पोकांची फुली! छप्पर! चार काड्यांचं छप्पर शाकारून ठेवलेलं मी त्याच्यावर! पंपाचं तोंडच आत जाईना.

"भोक दुसरीकडे पाडलं तर?" मी विचारलं.

नीन्केनं स्पोकचा पाना माझ्या हातात ठेवला. मी छत्तीसच्या छत्तीस स्पोक पुन्हा सोडवले. दुपारभराचं काम!

चाक एकदाचं बसलं. तीन मिलिमीटरच्या फटीत वॉशर घातला, कण्याला फिरू न देणारे दोन खाचेचे वॉशर असतात ते लावले, डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे, हे अर्थात सगळं घट्ट आवळून झाल्यावर कळलं, त्याचा एक दिवस धरा. आणि मग आली चेन.

अहो, साध्या सायकलची चेन ती काय चेन! इथे पॅडल पार पुढे, चाक पार मागे, तीन चेन जोडाव्या तेव्हा कुठे एक वेटोळं पुरं होतं. मांडीवर घेतली तर अजगर. आधीच्या गिअरला मागे एक स्प्रिंगवाला हात होता, तो सैल चेन ताणून धरायचा. तो आता गेला. मग चेन ताणायची कशी? तर पॅडल ज्या नळीवर आहेत ती नळी पुढे ओढायची. ओढली! चेन अशी सुरेख ताणली की वाटलं टिचकी मारावी. नीन्के आत बसली.

"पाय पोचत नाही."

"कसा पोचत नाही? टेकलाय की!"

"बोटभर लांब आहे. टाच ताणावी लागते. अठ्ठावीस किलोमीटर मी टाचा ताणत जाऊ?"

मग चेनची एक कडी काढली, नळी मागे घेतली. "आता?"

"आता बोटभर जवळ आहे. गुडघा दुखतो."

कडी घातली, पाय लांब. कडी काढली, पाय जवळ. घातली, काढली, घातली, काढली... चेन बरोबर तर बायको चूक, बायको बरोबर तर चेन लोंबतेय! पाच दिवस! एकदा मी, देवाशपथ सांगतो, तिच्या बुटाच्या तळव्याला लाकडाची पट्टी ठोकावी का, असं विचारलं. त्या बुटानंच उत्तर मिळालं.

पंधराव्या का सोळाव्या दिवशी दारावर टकटक. दौवे! दुकान सोडून! हा माणूस बायकोच्या बाळंतपणालाही दुकान बंद करून गेला नव्हता. आत आला, कॉफी नको म्हणाला, उभ्या उभ्या त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक कडी. एकच. पण जराशी वाकडी, एका टोकाला रुंद, एका टोकाला अरुंद.

"अर्धी कडी आहे," तो म्हणाला. "बोटाचं अर्धं बोट होईल."

"दौवे! अरे तू तर म्हणाला होतास होत नाही!"

"दुकानात होत नाही." आणि मग तो खाली बसला, वॉशर बघितले, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं. पाच मिनिटं हात पुसले. "आउट कुणी काढला?"

"मी."

"हं," दौवे म्हणाला. आमच्याकडे यापेक्षा मोठं कौतुक करायची पद्धत नाही.

पाय पोचला! चेन ताणली! राहिली फक्त केबल. काळ्या सायकलचीच मूठ लावली होती, तिच्यावरचा पाचाचा आकडा नीन्केच्या अंगठ्यानं पार पुसून टाकलेला. ती मूठ फिरवून चौथ्यावर आणली की हबवरच्या दोन पिवळ्या रेघा एकमेकींसमोर यायला हव्यात. नाही आल्या तर? तर ऐन चढावर गिअर निसटतो आणि पाय हवेत गरगर फिरतात. रेघा केवढ्या? मुंगीच्या मिशीएवढ्या. मला दिसेनात. मी फरशीवर आडवा होऊन स्क्रू फिरवतोय, नीन्के दोन चष्मे एकावर एक लावून सांगतेय.

"इकडे. अजून. अजून जरा... जास्त झालं! मागे घे. श्वास सोडू नकोस, हात हलतो."

"मग काय करू?"

"धर. तसाच धर... हां. जुळल्या." मी मान वळवून बघितलं, तर तिनं हबवर हात ठेवला होता, नुसता, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा. म्हणाली, "आवाज तोच आहे रे. आतला. टिकटिक."

मला उठता येईना. गुडघे, दुसरं काय! तिनंच हात दिला.

वाढदिवसाचा दिवस. मे महिना, बांधावर मेंढ्यांची कोकरं, आणि वारा? नाकासमोर! समुद्राकडून, सरळ, जणू आमचीच वाट बघत बसला होता. मी माझ्या साध्या उंच सायकलवर तिच्या मागोमाग, म्हटलं काही झालं तर जवळ असावं. पहिले चार किलोमीटर मी तिच्या मागे होतो. पुढचे चारही मागेच होतो, पण फार मागे. तो वारा माझ्या छातीवर फळीसारखा आपटतोय, आणि ही खाली झोपलेली, वारा तिच्या नाकावरून निघून जातोय! केशरी चिंधी लहान लहान होत चाललेली. "नीन्के! जरा थांब!" छे! तोल जाणारे कान, पण ऐकायचं नसलं की ऐकत नाहीत.

गाठली ती पुलावर. बोट जात होती, फाटक पडलं होतं, म्हणून. मी धापा टाकत शेजारी येऊन उभा राहिलो. मागे सायकली, गाड्या. एकतीस वर्षं मी फाटकं उघडली, पण त्या फाटकाकडे बघताना मला वाटलं, उघडू नये. जरा वेळ उघडूच नये. त्या रेघा जुळल्यात ना? अर्धी कडी धरेल ना? वॉशर? नीन्के माझ्याकडे बघत नव्हती. तिनं मूठ धरली आणि उभ्या जागी, पाय न हलवता, फिरवली. टक. टक. टक. सातावरून सहा, सहावरून तो पुसलेला पाच, चार, तीन, दोन... एक. फाटक वर गेलं.

ती गेली! सरळ! चढावर, लोण्यातून सुरी जावी तशी! मागच्या एका गाडीवाल्यानं काच खाली करून अंगठा दाखवला आणि मी उगाच मान लववली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्यामुळे येतं ना तसलं. आणि त्या नादात मीच पॅडलवरून पाय घसरून फाटकाच्या खांबाला धडकलो, ते जाऊ द्या.

मी सायकल ढकलत हिंदेलोपनला पोचलो तेव्हा वाढदिवस संपत आला होता. खुर्च्या गोलात मांडलेल्या, पण सगळ्या रिकाम्या! केक संपलेला, ताटात चुरा. माणसं कुठे? सगळी बाहेर रस्त्यावर! आणि त्या आडव्या सायकलवर कोण उताणं? आफ्के! ऐंशी वर्षांची, नवा झगा, गळ्यात मोत्यांची माळ, पाय वर, आणि मूठ फिरवतेय, टक टक टक! नीन्के बाजूला उभी, गाल लाल, केस सगळे मागे उडालेले. मारीतही होती. गाडी घेऊन आली होती, आईला परत न्यायला, मागच्या सीटवर उशीसुद्धा ठेवली होती तिनं. माझ्याजवळ आली, हळूच म्हणाली, "कुणी ढकललं नाही?"

"कुणी हातसुद्धा लावला नाही."

मारीतनं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग मला म्हणाली, "बाबा, त्या हबला तेल घालावं लागतं का? कधी घालायचं? मला लिहून द्या." त्या खुर्चीचा विषय तिनं परत काढला नाही. गाडीतून परत मात्र कुणीतरी आलं, उशी टेकून, ते मी. माझं पुढचं चाक खांबानं वाकडं केलं होतं ना!

आणि आता काय चाललंय म्हणता? सकाळी डबा भरते, झेंडा लावते, निघाली! परवा फोन आला, "मी लेमरला आहे, इथे तळलेला मासा छान मिळतो, तू जेवून घे." काल कुठून? माहीत नाही, फोनमध्ये नुसता वारा ऐकू येत होता आणि ही हसत होती. माणसानं गुडघे घासून, छत्तीस स्पोक दोनदा विणून, बायकोला सायकल करून द्यावी, आणि मग एकट्यानं वाटाण्याचं सूप गरम करून खावं! आजही तेच खाल्लं. मीठ कमी होतं हो. पण मीठ कमी आहे म्हणून सांगायला घरात कुणी पाहिजे ना! बाई आठव्या गिअरमध्ये!